ओबानला पाऊण तास

२४ मे, गिरगाव

बॅगा भरून झाल्या. भरल्या मीनाक्षीने, तपासल्या मी. सगळी नोकरी विमा कचेरीत झाली, त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तिच्या बॅगेत एक दुर्बीण निघाली, नातीची, शाळेच्या कॅम्पसाठी घेतलेली. विचारलं, "ही कशाला?" म्हणाली, "तिकडच्या समुद्रात सील दिसतात म्हणे." मी दुर्बीण काढली आणि त्या जागी माझा थर्मलचा दुसरा जोड कोंबला. सत्तरीत थंडी बाधते, सील न दिसल्याने काही बाधत नाही.

सहल माझ्या सत्तरीची भेट. अवधूत आणि नूपुर, म्हणजे मुलगा आणि सून, त्यांनी ठरवली. ते दोघं आणि नात मनू परळला राहतात, आम्ही दोघं ठाकुरद्वारला. पाचही जणांनी एकत्र जायचं, मुंबईच्याच एका टूर कंपनीबरोबर, बसने अख्खं स्कॉटलंड. मी स्वित्झर्लंड म्हटलं होतं. नूपुर म्हणते, "आईंनी स्कॉटलंड सुचवलं." मीनाक्षी कशाला सुचवेल? इतक्या वर्षांत तिने कधी कुठला देश सुचवल्याचं मला आठवत नाही. सुनेचा ऐकण्यात घोटाळा झाला असणार. जाऊ दे. डोंगर इथेही आहेत, तिथेही आहेत.

लालबागहून चिवडा आणला. मेतकूट, भाकरवडी, लिमलेटच्या गोळ्या झाल्या. माझ्या औषधांची पेटी मीनाक्षीकडे. दोघांचे पासपोर्ट आणि दोघांचे फोन माझ्या गळ्यातल्या बॅगेत राहतील. ती कुठेही ठेवते.

२७ मे, एडिनबरो

बस उत्तम आहे. उंच, काचा मोठ्या, सीट मागे जाते. सगळे प्रवासी आपलेच, दादर, पार्ले, ठाणे. आमचा टूर मॅनेजर वैभव म्हणून आहे, पोरगेलासा दिसतो पण आवाज खणखणीत. ड्रायव्हर इथला, इयन नावाचा, लालबुंद चेहऱ्याचा आजोबा.

पुढून चौथी सीट आम्हाला मिळाली. खिडकीत मी, कारण फोटो मी काढतो. मीनाक्षी शेजारी. पलीकडे अवधूत-नूपुर, मनू कुठेही.

किल्ला पाहिला. चढ बराच होता. मीनाक्षी पुढे निघून गेली आणि वर कठड्याला टेकून उभी राहिली होती. मी पोहोचलो तेव्हा म्हणाली, "तो बघा, समुद्र." मी म्हटलं, गिरगावात राहणाऱ्या बाईला समुद्राचं कसलं आलंय कौतुक! हसली नाही. दमली असेल.

परत निघताना ती बसच्या दारात ड्रायव्हरशी बोलत उभी होती. इंग्रजीत, भरभर. दोघंही मोठ्याने हसत होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काही नाही, मी टेलिफोन ऑपरेटर होते असं सांगितलं, तर त्याची बहीणही तीच होती म्हणे." गामदेवीचं एक्स्चेंज सोडून हिला एक जमाना झाला. लोकांची बोलणी जोडून देण्यात हसण्यासारखं काय असतं कोण जाणे.

२९ मे, स्टर्लिंगच्या पुढे कुठेतरी

आज दिवसभर तळीच तळी. इथे तळ्याला लॉख म्हणतात. मीनाक्षी सारखी माझ्या अंगावरून वाकून बाहेर बघत होती. फोटोत तिचा खांदा येतो. म्हटलं, "अगं, पुढे अजून येणारच आहे ना तळं." ती उठून मागे मनूजवळ जाऊन बसली. दोघी नकाशा उघडून काहीतरी बघत होत्या. मला चिवडा मागावा लागला.

वैभवने माइकवर सांगितलं की परवा ओबान नावाच्या बंदराला थोडा वेळ थांबू, तिथून समोरच्या बेटावर बोट जाते, ज्यांना अर्धा दिवस बेटावर जायचं असेल त्यांनी हात वर करा, पुरेसे लोक असतील तर सोय करू. मीनाक्षी तोवर पुढे येऊन बसली होती. तिने हात वर केला. मी तो हळूच खाली घेतला. बोटीत थंड वारा, बेटावर पायपीट, आणि नंतर गुडघे धरून बसणार कोण? समजावून सांगितलं. "बरं," म्हणाली. तसेही चार-पाचच हात वर झाले होते. वैभवने बेत रद्द केला.

"आबा, तू आजीचा हात का पकडलास?" मनूने मागून विचारलं. मुलं काहीही बघतात.

३१ मे, ओबान. दुपार

मीनाक्षी सापडत नाही.

बंदरावरच्या पोलीस चौकीत बाकावर बसून लिहितोय. हाताला काही काम हवं. अक्षर बघवत नाही.

बस सकाळी इथे थांबली. वैभवने सांगितलं, पाऊण तास. टॉयलेट, कॉफी, फोटो, आणि परत. डोंगरावर दगडी गोल बांधकाम आहे, रोमन वाटावं असं. मी त्याचे फोटो घेत होतो. मीनाक्षी जवळ आली आणि काहीतरी म्हणाली. बोट, पुढे, संध्याकाळ, असं काहीसं. बोटी बघायला जाते म्हणाली असणार. मी "हं" म्हटलं. ढग बाजूला होत होता, तेवढ्यात फोटो घ्यायचा होता.

पाऊण तास झाला. सगळे चढले. मीनाक्षी नाही. वैभव आणि अवधूत धावत गेले, नूपुर बायकांच्या टॉयलेटमध्ये बघून आली. मी तिला फोन लावला आणि माझ्याच गळ्यातली बॅग वाजायला लागली.

बस बराच वेळ थांबली. मग इयनने वैभवला हातातलं घड्याळ दाखवलं. ड्रायव्हरने किती तास बस चालवायची याचा इथे कायदा आहे. बसमधली माणसं खिडकीतून माझ्याकडे बघत होती. शेवटी ठरलं की नूपुर आणि मनूने बसबरोबर फोर्ट विल्यमला पुढे जायचं, मी आणि अवधूत इथे थांबायचं. बस गेली. त्या रिकाम्या जागेत मी उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा वाटलं, हे खरंच होतंय.

१ जून, फोर्ट विल्यम

कालचं सगळं लिहून काढतो. नाही लिहिलं तर डोक्यात फिरत राहील.

चौकीत एक तरुण पोलीस बाई होती. खूप सौम्य बोलायची. तिने विचारायला सुरुवात केली. नाव, वय, ते मी सांगितलं. मग तिने विचारलं, उंची किती?

मी अवधूतकडे बघितलं.

"बाबांपेक्षा थोडी कमी," अवधूत म्हणाला.

आज अंगात काय होतं? मी म्हटलं, स्वेटर. कुठल्या रंगाचा? मला रंग दिसेना. सकाळी ती माझ्यासमोर बसून चहा प्यायली होती, माझ्या गोळ्या तिने माझ्या तळहातावर ठेवल्या होत्या, तो हात मला दिसत होता, पण त्याच्या वर काही दिसेना. साडी नव्हती एवढं नक्की. अवधूत म्हणाला, "निळा बहुतेक. किंवा ग्रे." पोलीस बाईने दोन्ही लिहून घेतलं.

मग म्हणाली, त्यांना काय आवडतं? काही आवडीची गोष्ट दिसली तर माणूस भरकटतो कधी कधी.

मी म्हटलं, ती घरचं सगळं बघते.

तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला, जास्त हळू. तिला वाटलं मला इंग्रजी कळलं नाही.

जाण्याआधी काही बोलल्या का, असं विचारलं तेव्हा मी बोटींचं सांगितलं. ती म्हणाली, मग बोटीत बसून बेटावर गेल्या असतील का? मी ठासून सांगितलं, अशक्य. ती एकटी कुठे जात नाही.

"बाबा," अवधूत म्हणाला, "आई रोज एकटीच जायची ना कामाला? नाइट शिफ्टलासुद्धा?"

"ते वेगळं."

त्याने मान खाली घातली.

मग तो स्कार्फ आला. कोणा माणसाला बंदराच्या कठड्याच्या खालच्या पायऱ्यांवर, अर्धा पाण्यात, बायकांचा एक स्कार्फ सापडला होता. पोलीस बाईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो समोर ठेवला. हिरवा, ओला, एका टोकाला शेवाळ चिकटलेलं. तिने विचारलं, हा त्यांचा आहे का?

मी म्हटलं, हो.

का म्हटलं ते मला आजही कळत नाही. ती विचारत होती आणि नवऱ्याला माहीत असायला हवं होतं. अवधूतने माझ्याकडे बघितलं, "नक्की?" मी मान हलवली. पोलीस बाईचा चेहरा बदलला. ती उठून आत गेली, आतून फोनवर कोणाशी तरी बोलताना 'लाइफबोट' असा शब्द आला. अवधूत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. लहानपणी शाळेतून मार खाऊन आल्यावर तो असाच उभा राहायचा आणि मी म्हणायचो, मीनाक्षी, बघ गं याला. काल मी तोंड उघडलं आणि बंद केलं.

माझ्या मनात काय होतं ते लिहितो. मनात होतं की हिला घरी कसं न्यायचं. मग ठाकुरद्वारचा जिना आला. मग एवढंच की गॅसचा नंबर कोणाच्या नावावर आहे मला माहीत नाही.

अवधूतने नूपुरला फोन लावला. त्याला बोलता येईना. त्याने नुसता स्कार्फचा फोटो पाठवला. अर्ध्या मिनिटात फोन वाजला. मनू होती.

"बाबा, हा आजीचा नाहीये! आजीचा मस्टर्ड आहे, त्यावर छोटे छोटे एलिफंट्स आहेत. मीच सिलेक्ट केला होता दादरला. आणि जॅकेट मरून आहे. शूज व्हाइट, एका लेसला गाठ आहे, कारण ती तुटली होती. तुम्ही लोकं बघत नाही का?"

अवधूतने फोन स्पीकरवर टाकला आणि मनूने तेच इंग्रजीत पोलीस बाईला सांगितलं. वर केसांची क्लिप सांगितली. डाव्या हातावरचा भाजल्याचा डाग सांगितला. नऊ वर्षांची पोर. पोलीस बाई भराभर लिहीत होती. एकदाच तिने वर बघितलं, माझ्याकडे. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

त्यानंतर सगळं पटकन झालं. बोटीच्या तिकीट खिडकीवरच्या मुलीला हत्तींचा स्कार्फ आठवला. हो, त्या बाई, फार छान इंग्रजी बोलत होत्या, बेटावर सील कुठल्या बाजूला दिसतात विचारत होत्या, एकच तिकीट घेतलं. जायचं आणि यायचं. पैसे कमरेच्या बटव्यातून काढले, अवधूतने सगळ्यांना वरखर्चाला दिले होते तेच.

म्हणजे ती पाण्यात नव्हती. मला तिथेच खुर्चीत बसावं लागलं. पोलीस बाईने पाणी आणून दिलं. आणि मग, लिहायला लाज वाटते, पण ते पाणी पितानाच मला राग आला. असा राग मला कचेरीतही कधी आला नव्हता.

बेटावर निरोप गेला, पण ती कुठे सापडेना. बंदराच्या आसपास नव्हती. बेट मोठं आहे म्हणे, बसने कुठेही जाता येतं. शेवटच्या बोटीपर्यंत वाट बघायची ठरली. इथे संध्याकाळी आपल्याकडच्या चार वाजल्यासारखं ऊन असतं. मी आणि अवधूत धक्क्यावर उभे होतो. दिवसभर पोटात काही नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, ती आली की ओरडू नका. प्लीज."

बोट आली. आधी गाड्या उतरल्या, मग माणसं. अगदी मागून मीनाक्षी आली. मरून जॅकेट, पिवळा स्कार्फ, केस ओले होऊन कपाळाला चिकटलेले. कुत्रा घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईशी बोलत येत होती. आम्हाला बघून थांबली. चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य.

"अरे, तुम्ही पुढे नाही गेलात?"

अवधूतने तिला मिठी मारली आणि तो रडायला लागला.

"अरे, झालं काय? मी इथून फोर्ट विल्यमची बस पकडणार होते. बस स्टॉपवरून टाइम लिहून घेतला होता. मी यांना सांगून गेले होते."

"सांगितलं होतंस?" अवधूत म्हणाला.

"हो. तिथे वरचे फोटो काढत होते तेव्हा. म्हटलं, मी बोटीने बेटावर जाऊन येते, तुम्ही पुढे व्हा, संध्याकाळी हॉटेलवर भेटू. हं म्हणाले."

अवधूत माझ्याकडे वळला. 

पोलीस बाईने आम्हाला टॅक्सी करून दिली. इथपर्यंत मीनाक्षी काचेला नाक लावून बाहेर बघत होती.

२ जून, स्काय बेट

काल रात्रीच्या जेवणाला सगळे विचारत होते. मी सांगितलं, वाट चुकली, परक्या देशात होतं असं, वयही झालंय. लोकांनी मान डोलावली. प्रकरण मिटलं असं मला वाटलं.

आज नाश्त्याला पार्ल्याच्या एक बाई मीनाक्षीला म्हणाल्या, "बाई गं, वाट चुकलीस म्हणे, केवढी घाबरली असशील!"

मीनाक्षी टोस्टला लोणी लावत होती. म्हणाली, "वाट नाही चुकले. गेले होते."

मग ती उठली, सगळ्यांना म्हणाली, माझ्यामुळे तुमचा वेळ गेला, सॉरी, मला खरंच कल्पना नव्हती की बस थांबेल. आणि बसली. त्या पार्ल्याच्या बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि हळूच विचारलं, "कसं होतं?"

मी अंडं अर्धं टाकून उठलो.

बसमध्ये ती पुढे, वैभवच्या शेजारच्या सीटवर बसली. तिथून समोरची मोठी काच दिसते. जाताना औषधांची पेटी माझ्या मांडीवर ठेवून गेली. म्हणाली, "सकाळची वरच्या कप्प्यात, रात्रीची खालच्या." माझ्या शेजारची जागा रिकामी. बॅग ठेवली तिथे. अख्ख्या रस्त्यात एक फोटो काढला नाही.

४ जून, इनव्हर्नेस

नीट विचार केला. एवढ्या वर्षांत असं कधी केलं नाही आणि आता केलं, म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. बी-ट्वेल्व्ह कमी झालं की माणसं विचित्र वागतात असं वाचलंय. मेंदूच्या डॉक्टरला दाखवायला हवं. हॉटेलच्या लॉबीत अवधूतला एकटं गाठून हे सांगितलं.

तो म्हणाला, "बाबा, आई ठीक आहे."

"मग गेली का?"

"तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? तूच सांग ना."

"मला काय माहीत? मी पण त्या चौकीत तिच्या स्वेटरचा रंग सांगू शकलो नाही." तो उठला. "आणि स्वेटर नव्हताच, जॅकेट होतं."

मुलगा माझ्याशी असा कधी बोलला नव्हता.

मग संध्याकाळी खोलीत तिला विचारलं. माझा आवाज चढलेला नव्हता, याची नोंद करतो. म्हटलं, "मीनाक्षी, कोणी काही बोललं का तुला? माझ्याकडून काही झालं का? का गेलीस?"

ती मोजे वाळत घालत होती. म्हणाली, "मला जायचं होतं."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. पुढे वाक्य नव्हतं.

११ जून, गिरगाव

परत येऊन चार दिवस झाले. उकाडा भयंकर. घरात माणसांची ये-जा. आमच्या मजल्यावरची अपूर्वा आली, तिची आई आली. अवधूतने फोनवर कोणाला काय सांगितलं कोण जाणे, सगळ्यांना ओबानचं माहीत आहे. सगळ्यांना मीनाक्षीच्याच तोंडून ऐकायचं असतं. किल्ल्याचं कोणी विचारत नाही.

ती सांगायला लागली की मी गॅलरीत जातो. आज गॅलरीतही ऐकू येत होतं. गंगुबाई लादी पुसायची थांबून खाली बसली होती आणि मीनाक्षी तिला दोन्ही हातांनी काहीतरी मोठं, गोल दाखवत होती. "मिशा होत्या का?" गंगुबाईने विचारलं. मग दोघी इतक्या हसल्या की बादली कलंडली.

माझ्या रक्तदाबाची रात्रीची गोळी काल राहिली. परवाही राहिली असावी.

दुपारी आडवा झालो की तो हिरवा ओला स्कार्फ दिसतो. तिचा नव्हता. तरी दिसतो. मी 'हो' म्हटलेलं ऐकू येतं.

१५ जून, गिरगाव

आज मी विचारलं.

ती स्वयंपाकघरात खाली बसून वाल सोलत होती. मी स्टूल ओढून बसलो. कसं सुरू करायचं कळेना. म्हटलं, "सील दिसले का गं तुला?"

तिने वर बघितलं. मी टिंगल करतोय का, ते बघत होती. मग म्हणाली, "दिसले ना."

मी गप्प बसलो. मध्ये बोलायचं नाही असं ठरवून बसलो होतो. अवघड गेलं. दोनदा तोंड उघडलं होतं.

तिने सांगितलं. बोटीत ती आत बसलीच नाही, वर वाऱ्यात उभी राहिली. बेटावर लहानशी बस होती, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा रस्ता, समोरून कोणी आलं की दोघांपैकी एकाने बाजूला थांबायचं आणि हात दाखवायचा. सगळे एकमेकांना हात दाखवत जातात. तीही दाखवायला लागली. जिथे समुद्र अगदी रस्त्याला आला तिथे तिने बेल वाजवली आणि उतरली. ड्रायव्हरने विचारलं, इथे? ती म्हणाली, इथे. खडकांवर सील पडले होते, भिजलेल्या गोण्यांसारखे. ती बसली तर एकेकाने मान वर करून तिच्याकडे बघितलं. एक पाण्यातून अगदी जवळ आला, नुसतं डोकं वर, आणि बघत राहिला. किती तरी वेळ.

"काय केलंस मग?"

"बोलले त्याच्याशी. भाकरवडी खाल्ली. चपला, म्हणजे बूट काढून पाण्यात पाय घातले. गार पडले नुसते." तिला हसू आलं. "मोठ्याने गाणं म्हटलं. तिथे कोण होतं ऐकायला?"

ती गाते हे मला माहीत नव्हतं. तसं बोललो नाही.

"मग स्टॉपवर येऊन बसले," ती म्हणाली. "नुसता एक खांब, त्याला पाटी. बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं. मी नको म्हणून हात हलवला. गेला तो."

"का?"

तिचे हात थांबले नाहीत. एक वाल, मग दुसरा.

"बघत होते."

"काय बघत होतीस?"

"परत यावंसं वाटतंय का."

खाली रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकला होता, तो वाजतच राहिला. मी तिच्या हातांकडे बघत होतो. डाव्या हातावर भाजल्याचा डाग आहे, मनगटाच्या वर, लांबट. बराच जुना दिसतो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, बसून राहिले. वाटतंय की नाही ते काही कळेना. पुढची बस आली ती शेवटची. चढले तीत."

तिने सालं परातीच्या एका बाजूला लोटली.

"पाऊस पण लागला होता," ती म्हणाली.

मग तिने मूठभर वाल माझ्यापुढे सरकवले, बोलत बसलाय तर हात चालवा म्हणून. मला नीट सोलता येत नव्हते, डाळिंब्या तुटत होत्या. तिने कसं दाबायचं ते एकदा दाखवलं. सोलून झाल्यावर गुडघ्यावर हात टेकून उठली आणि भाताला पाणी ठेवलं.

पाऊस लागला नसता तर, हे मला विचारायचं होतं. आता संध्याकाळ झाली. ती आत आहे, भांड्यांचा आवाज येतोय. अजून विचारलेलं नाही.